उजव्या रांगेचा खुराक

गिरिजाबाई मगरे यांच्यामुळं आमच्या केंद्रातला सोळा आठवड्यांचा एक अख्खा प्रयोग पाण्यात गेला, आणि त्या प्रयोगाच्या कागदांवर पानोपानी माझी सही आहे. मी तिथला भांडारपाल. नाव अप्पाराव, गाव हसनाबाद, तालुका भोकरदन. बाईंचं माहेरही हसनाबादच. आता केंद्रातले लोक त्यांच्याबद्दल बोलायला लागले की गळा काढतात. मला ते जमत नाही आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही. बाईंचा स्वभाव खाष्ट होता. चहात साखर कमी पडली तर तोंड सोडायच्या, आणि कुणी चूक दाखवली तर आधी दाखवणाऱ्याची चूक काढायच्या. तेव्हा जे घडलं तेवढं सांगतो.

१९५१च्या सुमाराला आमच्या घरी माझ्या चुलत्याचं लग्न झालं. गावजेवण होतं. बाई तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांच्या वस्तीतली माणसं गोठ्यामागच्या भिंतीला लागून वेगळी बसवली होती. सगळं गाव जेवून उठल्यावर तिकडं वाढप गेलं, तोवर बुंदी संपली होती आणि वरणात पाणी ओतलं होतं. हे मला बाईंनीच सांगितलं, जवळजवळ पन्नास वर्षांनी, भांडारात माझ्यासमोर बसून चहा पिताना. त्या लग्नात मी चार वर्षांचा होतो. बुंदी मला आठवते.

छप्पन्न सालानंतर त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला. वस्तीचं पहिलं एकत्र जेवण झालं तेव्हा बाईंच्या वडिलांनी, कचरूबाबांनी, पोरीच्या हातात पळी दिली आणि बजावलं की पहिल्या ताटात जेवढं पडेल तेवढंच शेवटच्या ताटात पडलं पाहिजे. पोरगी तेरा-चौदा वर्षांची. तिनं ते असं काही मनावर घेतलं की पुढची चाळीस वर्षं त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुठंही लग्न असो, वाढायला गिरिजाबाई. एकदा कुणी पुढारी पंगतीत बसला होता. त्यानं जिलबी जास्तीची मागितली, तर त्याला म्हणाल्या, "सगळ्यांचं होऊ द्या, मंग बघू." एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं, याला पुस्तकात पंक्तिप्रपंच म्हणतात. बाई त्याला हरामखोरी म्हणायच्या.

बाईंना धावड्याला दिलं होतं. नवरा लवकर गेला. मुलगा तातेराव एकुलता एक. त्याला त्यांनी आपल्याच भावाची मुलगी केली, कौसल्या. मामाची मुलगी करायची हे आमच्याकडं सगळ्याच जातींत चालतं, त्यात नवल काही नाही. चौऱ्याण्णव साली त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं बेबीनंदा. पोरगी वर्षाची होईपर्यंत बरी होती. मग डोक्यावरचे केस गळाले, भुवयासुद्धा गेल्या. उभी राहायला लागली तसे पाय धनुकलीसारखे वाकले. मनगटं सुजली. गावात कुणी काय, कुणी काय सांगितलं. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांना शिव्या दिल्या.

राजूरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, डॉक्टर संपत पुंगळे, परदेशात शिकून सत्त्याण्णव साली परत आला होता. एका ट्रस्टनं जालन्याबाहेर भोकरदन रोडला संशोधन केंद्र उघडलं होतं, तिथं तो हाडांच्या आजारांवर काम करत होता. बाई नातीला काखोटीला मारून तिथं पोचल्या. पुंगळेसाहेबांनी रक्त तपासलं, हाडांचे एक्स-रे फोटो काढले आणि आठवड्यानं सगळ्यांना बोलावून समजावून सांगितलं. अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, आतड्यातून रक्तात शिरायला व्हिटॅमिन डी लागतं. ते शरीरात किल्लीसारखं फिरतं. बेबीच्या शरीरात किल्ल्या भरपूर आहेत, पण ज्यात ती किल्ली बसायची ते कुलूपच जन्मतः बनलेलं नाही. हाडांना चुना मिळत नाही, म्हणून ती मऊ पडतात. केस जातात तेही त्याच पायी.

"हे आलं कुठून?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी कागदावर वंशावळ काढली. "अर्धा दोष तुमच्याकडून तातेरावात आला, अर्धा तुमच्या भावाकडून कौसल्याबाईत. तुम्हा कुणाला त्याचा त्रास न्हाई. दोन्ही अर्धे एका लेकरात आले की मंग हे होतं."

"सोयरीक म्याच जुळवली होती," बाई म्हणाल्या.

बेबीला काही आठवडे सलाईनमधून कॅल्शियम दिलं. मग साहेबांनी एक पुडी बांधून दिली: भरपूर कॅल्शियम, फॉस्फरस आणि दुधातली साखर. चुना इतका जास्त दिला आणि त्याला दुधातल्या साखरेची जोड मिळाली, तर कुलपाशिवायही थोडाथोडा आत झिरपतो, असा हिशोब. दिवसातून तीनदा, वेळ न चुकवता. जिल्ह्यातून अशी चार लेकरं सापडली होती. चौघांनाही केंद्रातून पुडी मिळायची. बेबीचे केस काही आले नाहीत, त्यावर पुडीचा उपाय नव्हता. पण वर्षभरात ती भिंत न धरता चालायला लागली. बाईंनी सगळं घर धावड्याहून उचलून केंद्रापासून हाकेच्या अंतरावर आणलं. तातेराव गवंडीकाम करायचा, कौसल्या बियाणं निवडायच्या कामाला जायची. बाईंना साहेबांनी केंद्रातच लावून घेतलं, उंदरांच्या खोलीत.

ते उंदीर नव्व्याण्णव साली परदेशातून आले. पेट्या विमानानं मुंबईला आणि तिथून गाडीनं जालन्याला. त्यांच्यातला तो एक जनुक, कुलूप बनवणारा, मुद्दाम काढून टाकलेला. साहेब त्यांना नॉकआउट म्हणायचे; मला त्यावरून बॉक्सिंगच आठवायचं. जन्मल्यावर तीन आठवडे, आईच्या अंगावर पितात तोवर, पिल्लं अगदी झक्क असायची. दूध सुटलं की घसरण सुरू. रक्तातला चुना उतरायचा, केस झडायचे, मागचे पाय फाकायचे. बाईंनी पहिली मोठी पिल्लं पाहिली तेव्हा पिंजरा हातात धरून म्हणाल्या, "ही तर आमची बेबी." साहेब म्हणाले, "म्हणूनच आणलेत, मावशी."

काम त्यांचं चोख होतं. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, वरच्या जाळीत खुराकाच्या गोळ्या भरायच्या. वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत ओले कपडे लावून खोली थंड ठेवायच्या. कोणत्या पिंजऱ्यातला कोणता उंदीर मुलखाचा भांडखोर आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं.

दोन हजार सालच्या ऑक्टोबरात मोठा प्रयोग लागला. दूध सुटलेली चोवीस नॉकआउट पिल्लं. बारा डाव्या रांगेत, बारा उजव्या. डावीला खास खुराक, म्हणजे बेबीच्या पुडीतलंच सगळं घालून बनवलेला. उजवीला साधा. प्रश्न असा होता, की मोठं होता होता ही हाडं आपोआप सावरतात का? सावरत असतील तर लेकरांना जन्मभर पुड्या कशाला? एका लेकराच्या मूत्रपिंडात चुना साचायला लागला होता, त्यामुळं ट्रस्टची मंडळीही साहेबांच्या मागं लागली होती. साहेबांना हैदराबादची गाडी गाठायची होती. त्यांनी बाईंना घाईत दोन पोती दाखवली. लाल फीत बांधलेलं डावीला, बिनफितीचं उजवीला. "कामून?" बाईंनी विचारलं. "बघायचंय," असं म्हणून साहेब गेले. गोळ्या दोन्हीकडच्या दिसायला सारख्याच, मातकट रंगाच्या.

पहिले आठ दिवस बाईंनी सांगितलं तसं केलं. मग त्यांना कळून चुकलं की लाल फितीच्या पोत्यात बेबीच्या पुडीचा वास येतो. एका खोलीत दोन रांगा. एकीला औषध, दुसरीला नुसतंच पोट भरण्यापुरतं. नवव्या दिवसापासून त्यांनी घमेल्यात दोन्ही पोत्यांतला खुराक निम्मा निम्मा ओतला, हातानं नीट कालवला आणि चोवीस जाळ्यांत मापानं सारखा घातला. माझ्याकडून पोती रोज वजन करून जायची आणि उरलेला खुराक वजन करून परत यायचा. दोन्ही पोत्यांतून एकसारखंच कमी व्हायचं, त्यामुळं वजन बराबर जुळायचं. मी डोळे मिटून सह्या करायचो. खोलीत जाऊन एकदा बघावं, हे माझं काम होतं. मी गेलो नाही. मला उंदरांचा वास सहन होत नाही.

फेब्रुवारीत फोटो काढले, रक्त तपासलं. दोन्ही रांगांची हाडं सारखी: फार उत्तम नाहीत, पण वाकलेलीही नाहीत. साहेब आधी चक्रावले. परदेशातल्या लोकांनी तर उलटं छापलं होतं. मग दोन दिवसांनी ते खूश दिसायला लागले. म्हणाले, जालन्याच्या हवापाण्यात काहीतरी असलं पाहिजे. मी म्हणालो, हवा तर यंत्रातून येते आणि पाणी बाटलीतून. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. माणसाला हवं ते उत्तर मिळालं की तो भांडारपालाचं कशाला ऐकतो! अहवाल लिहिला गेला: हाडं वयानुसार आपोआप सावरतात, खास खुराकानं फरक पडत नाही. ट्रस्टनं तो पाहून ठरवलं की मार्चअखेर लेकरांच्या पुड्या बंद.

साहेबांनी ही बातमी बाईंना आनंदानं सांगितली. "मावशी, सुटली तुमची बेबी! एप्रिलपासून पुडीची गरज न्हाई. हाडं आपोआप सुधरतेत."

बाई तिथून सरळ भांडारात आल्या. दार लोटलं आणि माझ्यासमोरच्या पोत्यावर बसल्या.

"अप्पाराव, म्या घोटाळा केलाय," म्हणाल्या, आणि घमेल्याची सगळी हकीकत सांगितली.

माझ्या अंगाला घाम फुटला. तो बेबीसाठी नव्हता, हे कबूल करतो. सोळा आठवड्यांच्या माझ्या सह्या माझ्या डोळ्यांपुढं नाचत होत्या. नोकरीची सात वर्षं उरली होती.

"बाई, तोंडातून शब्द काढू नका," मी म्हणालो. "साहेबांकडं एकट्या जा. जरा रडा. नातीसाठी पुडी मागा. मनानं चांगलाय तो, गुपचूप चालू ठेवील. उंदरांचं काही बोलायची जरूर न्हाई."

"आन बाकीच्या तिघांचं?"

"त्यांचं ते बघतील."

"कसं बघतील? त्यांना काय ठाऊक?" बाईंचा आवाज चढला. "माझी नात तेवढी सरळ चालंल, आन ते तिघं पुन्हा बसतील भिंतीला टेकून? का? तर त्यांची आजी इथं झाडू मारत न्हाई म्हणून?"

"नोकरी जाईल तुमची. माझीपण."

"जाऊ द्या की."

"आन उद्या ट्रस्टवाले काय म्हणतील? तुमच्या वस्तीतलं माणूस कामाला लावलं आन असं झालं, असंच म्हणतील. पुन्हा कुणाला घेणार न्हाईत."

हे मी बोलायला नको होतं. मी ते मुद्दामच बोललो होतो, त्यांना लागावं म्हणून. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "त्याची बी लाज वाटूनच राह्यली मला. पर लेकरं वाकडी झाल्यावर ती लाज घेऊन काय करू?"

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागं मागं गेलो. धाडस म्हणून नव्हे. आपल्याबद्दल काय सांगतात ते ऐकायला. त्यांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही. "दोन्ही पोती म्या एक केली साहेब. उजव्या रांगेनं निम्मं औषध खाल्लंय. हाडं आपोआप न्हाई सुधरली. लेकरांची पुडी बंद करू नका," एवढंच त्या उभ्या उभ्या बोलल्या.

साहेबांनी विचारलं, "कामून केलं?"

"एका खोलीत दोघांना दोन तऱ्हेचं वाढायचं, ते माझ्यानं झालं न्हाई. आधी सांगितलं असतं कशासाठी ते, तर इचारलं तरी असतं."

साहेबांनी बाईंना जायला सांगितलं. वजनाच्या कागदांबद्दल मी स्वतःच तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी मलाही जायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ट्रस्टला पत्र गेलं की अहवाल मागं घेतोय, प्रयोग पुन्हा करतोय. ट्रस्टचं उत्तर रोकडं आलं. पुड्या जूनपर्यंत मिळतील, त्याआधी निकाल दाखवा. फरक सिद्ध झाला नाही तर बंद.

मला वाटलं, आता बाईंना घरी बसवणार. साहेबांनी त्यांना बोलावलं आणि या वेळी समोर बसवून सगळं समजावलं. उजव्या रांगेला साधा खुराक का, तो मोजून का, आणि एक गोळी इकडची तिकडं गेली तर पुढं काय होईल.

"नवा माणूस आणला तर तो आळसानं न्हाईतर दयेनं घोटाळा करणारच," ते म्हणाले. "तुम्ही करणार न्हाई. चार लेकरं त्यावर लटकलीत, हे तुम्हाला ठाऊक हाये. मावशी, या बारीला बी तुमीच घाला."

बाईंनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं, नाही म्हणतात. त्या म्हणाल्या, "घालते."

मार्च ते जून. नवी चोवीस पिल्लं. या वेळी मी रोज खोलीत जायचो, वासासकट. बाई लाल फितीचं पोतं डाव्या रांगेपुढं ठेवायच्या, ती रांग संपवायच्या, पोतं दाराबाहेर ठेवून हात साबणानं धुवायच्या आणि मग उजवीकडं यायच्या. पाचव्या आठवड्यात उजव्या रांगेतल्या पिल्लांची चाल बिघडली. आठव्यात तर त्यांना मागच्या पायांवर उभं राहून जाळीपर्यंत पोचता येईना. बाईंनी साहेबांना विचारून त्यांच्या गोळ्या पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायला सुरुवात केली. साध्याच गोळ्या, मोजून. बाई खुराक घालताना आता पिंजऱ्यात बघत नसत. मोजायच्या आणि ठेवायच्या. मला त्यांची कीव आली, आणि त्यांना माझी कीव नको असणार हेही माहीत होतं, म्हणून मी वजनाचे आकडे तेवढे मोठ्यानं वाचायचो.

एप्रिलमध्ये वीज सारखी जायला लागली. एका दुपारी बाई ओले कपडे लावता लावता थांबल्या आणि लाल फितीच्या पोत्याकडं बघत राहिल्या. मी दारातच होतो. त्यांनी कपडा पिळला, लावला आणि पुढच्या खिडकीकडं गेल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोटो निघाले. उजव्या रांगेतले पाच उंदीर तोवर मेले होते. उरलेल्या सातांच्या मागच्या पायांची हाडं वाकलेली, टोकांशी फुगलेली. डाव्या रांगेतल्या बाराही उंदरांची सरळ. यापेक्षा स्वच्छ निकाल असू शकत नाही, असं साहेब म्हणाले. ते फिल्मा घेऊन भांडारात आले. बाई तिथंच रिकामी पोती झटकत होत्या.

"मावशी, जमलं," साहेब म्हणाले. "ट्रस्टला फोन केलाय. पुडी चालू राहणार. चौघांची बी."

बाईंनी हात पुसून उजव्या रांगेची एक फिल्म मागून घेतली. खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"हे पाय म्या वाकडे केले," म्हणाल्या.

"प्रयोग होता, मावशी."

"प्रयोग तुमचा. घातलं म्या."

फोन वाजला म्हणून साहेब गेले. बाई पोत्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. पदर तोंडाशी न धरता, मोठ्यानं. मला खुर्चीत बसवेना आणि उठवेना. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. त्या वेळी मागावी असं फार वाटलं, उंदरांबद्दल नाही, त्या लग्नातल्या बुंदीबद्दल. ते शब्द माझ्या तोंडून फुटले नाहीत. त्याची मला आजही लाज वाटते.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"बारा वाजून गेले काय हो?"

"दहा मिनिटं झाली."

"बेबीची पुडी राह्यली," त्या म्हणाल्या, आणि चप्पल पायात सरकवून तशाच उन्हात भराभर घराकडं निघाल्या.